एज वन की एज टू?

शाळा-कॉलेजात असताना खेळलेला एज ऑफ एम्पायर्स, म्हणजे वस्ती वसवून फौज उभी करायचा तो कॉम्प्युटर गेम, पुन्हा लावावासा वाटतो, पण पहिला घेऊ की दुसरा, असं हल्ली मित्रांपैकी कुणी ना कुणी विचारतं. खेळ तुम्हाला माहीत आहे असं धरूनच चालतो, त्यामुळे वुड-फूड-गोल्ड-स्टोन या जमवायच्या मालाची ओळख करून देत नाही. दोन्हींवर माझा भरपूर वेळ आणि आईची भरपूर बोलणी खर्च झाली आहेत. माझा निकाल मात्र लढायांवरून नाही, शेतीवरून लागला.

एज वन आला 1997 साली, आमच्यापर्यंत पोचायला अर्थातच उशीर झाला. माझा एज वन म्हणजे स्टँडजवळचा सायबर कॅफे. पडदे लावलेल्या प्लायवुडच्या खोपट्या, ताशी दर, आणि वेळ संपत आली की नेमकं पुढच्या टप्प्यात, ब्राँझ एजमध्ये जायला थोडं फूड कमी. स्पीकर एकाच मशीनला होते. त्या मशीनवर पुजाऱ्याने काठी उचलून ‘वोलोलो’ सुरू केलं की सगळ्या खोपट्यांतून मुलं सुरात सूर मिसळायची. आपण जिवापाड जपलेला हत्ती शत्रूच्या पुजाऱ्यासमोर उभा असतो, आपण घाईघाईने माउस ओढतो, आणि हत्ती निळ्याचा लाल, म्हणजे शत्रूचा, होऊन आपल्याच लोकांवर वळतो. इतका अपमान नंतरच्या कुठल्याच खेळात झाला नाही. हरायची वेळ आली की ‘बिगडॅडी’ हा चीट कोड टाइप करायचा. इजिप्तच्या वाळूत रॉकेट मारणारी काळी गाडी यायची आणि इतिहासाचे सर गप्प बसायचे, म्हणजे माझ्या मनातले.

मूळ एज वनमध्ये माणसांची मर्यादा 50. कमी वाटते, पण त्यामुळे डाव आटोपशीर राहतो, हे मला आजही आवडतं. तटबंदी आहे, पण तिला दरवाजाच नाही. भिंत पूर्ण केली तर आपलेच लाकूडतोडे आत कोंडले जातात, म्हणून फट ठेवायची आणि शत्रूला ती दिसणार नाही अशी आशा करायची. टाउन सेंटरवर, म्हणजे वस्तीच्या मुख्य इमारतीत, एक व्हिलेजर (कामकरी) सांगितला की तो जन्माला येईपर्यंत थांबून दुसरा सांगायचा. रांग लावायची सोय 1998 च्या ‘राइज ऑफ रोम’ या विस्ताराने आणली. हे सगळं मी सहन केलं. तेव्हा वीजही जायचीच की.

शेत मात्र सहन झालं नाही. एज वनमध्ये 75 वुड घालून फार्म बांधायचा, त्यातून साधारण 250 फूड निघतं, आणि मग फार्म चक्क नाहीसा होतो. जागेवर उरते माती आणि तिच्यावर उभा एक रिकामा माणूस. तो काही बोलत नाही. तुम्ही नकाशाच्या दुसऱ्या टोकाला शत्रूच्या बराक जाळत असता. आक्रमण ऐन रंगात, आणि फूडचा आकडा हलायचं नाव घेत नाही. घरी येऊन बघावं तर पंगत बसायची वाट बघणाऱ्या पाहुण्यांसारखे आठ-दहा जण ताटकळत उभे. मग एकेकाला पकडून तिथेच नवा फार्म बांधायला लावायचा. ते होईपर्यंत पुढचा संपलेला. लढाई जिंकायची की शेती करायची, हा प्रश्न दर डावाला पडायचा, आणि माझी शेती बहुतेक वेळा हरायची.

1999 च्या एज टूमध्येही फार्म संपतोच. 60 वुड, सुरुवातीला 175 फूड. पण पडद्याच्या कोपऱ्यात रिकाम्या व्हिलेजरांचं बटण आहे; ते दाबत गेलं की एकेक कामचुकार हाती लागतो. आणि पुढच्या वर्षी आलेल्या ‘कॉन्करर्स’ या विस्ताराने मिल नावाच्या इमारतीत आगाऊ वुड भरून ठेवायची सोय दिली: फार्म संपला की पेरणी आपोआप. एवढ्याशा गोष्टीने माझं लक्ष लढाईवर राहायला लागलं. तुमची अडचण दुसरी असेल. कुणाला एज वनमधला शांतपणा हवा असेल तर मी वाद घालणार नाही.

एज टू माझ्यासाठी हॉस्टेलचा खेळ. कॉरिडॉरमधून ओढलेली लॅनची केबल, कुणीतरी पाय अडकवून ती उपटायचा आणि मग सगळ्या मजल्याच्या शिव्या. चॅटमध्ये 11 टाइप केलं की सगळ्यांच्या मशीनवर ते खदाखदा हसणं वाजायचं. किल्ला पडलेल्याला ते ऐकवण्यात वेगळंच समाधान. रानडुकराला बाण मारून टाउन सेंटरखाली पळवत आणायचं, तो पळणारा व्हिलेजर वाचेल की नाही यावर मागे उभे असलेले चहाची पैज लावायचे. एज वनमध्ये असे सामुदायिक क्षण कमी. तो एकट्याचा, किंवा फार तर दोघांचा खेळ.

आता घेण्याचं. जुनी सीडी सापडली तरी नव्या विंडोजवर रंगांचा शिमगा होण्याची शक्यता बरीच. त्या खटपटीत पडू नका. एज वनची नव्याने घडवलेली आवृत्ती, डेफिनिटिव्ह एडिशन, 2018 ची, एज टूची 2019 ची. शिवाय 2023 च्या ‘रिटर्न ऑफ रोम’ या विस्तारामुळे एज वनचा बराचसा ऐवज एज टूच्या आतच खेळता येतो, वोलोलोसकट. म्हणजे टू घेतलात तर वन पूर्ण सुटत नाही. उलटं मात्र नाही. 2022 च्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ने बंगाली, द्रविड आणि गुर्जर अशा तीन नव्या फौजा दिल्या आणि आधीच्या इंडियन्सचे हिंदुस्तानी केले. राजेंद्र चोळाची मोहीम खेळताना बरं वाटलं. मराठे नाहीत. काळ मध्ययुगाचा आहे हे समजतं, तरी दर नव्या विस्ताराच्या वेळी यादी वरून खाली बघायची सवय जात नाही.

लहान भावंडाला किंवा मुलाला पहिल्यांदाच शिकवायचं असेल तर वनने सुरुवात केलीत तरी चालेल. गोष्टी कमी आहेत, आणि बिगडॅडीची गाडी बघून मूल खूश होतं. जुनी हॉस्टेलची गँग शनिवारी रात्री ऑनलाइन जमणार असेल तर टूच. पहिला डाव ब्लॅक फॉरेस्ट या नकाशावर लावा. चहूकडे झाडी असल्याने लगेच हल्ला होत नाही आणि बोटांना जुने शॉर्टकट आठवायला वेळ मिळतो. अरेबियाचा नकाशा दुसऱ्या आठवड्यात, कारण त्यावर कुणीतरी पहिल्या दहा मिनिटांतच तुमच्या लाकूडतोड्यांवर येऊन पडतो आणि लगेच 11 दाबतो.