झटपट स्प्रे की शॅम्पू-पाणी? मेकअप ब्रशपुरता माझा कौल

ब्रश स्वच्छ हवेत हे कुणाला सांगायला नको. अडतं ते कशाने करायचे यावर. खरं सांगायचं तर, कुठल्या पद्धतीत आपला आळस कमी आडवा येईल यावर. मी दोन्ही करून पाहिलं आहे. जवळजवळ वर्षभर नुसता स्प्रे, आणि त्यानंतर आजपर्यंत बेबी शॅम्पू आणि कोमट पाणी.

स्प्रेची बाजू आधी मांडते, कारण ती लंगडी नाही. दोन फवारे मारायचे, टिश्यूवर ब्रश मागेपुढे फिरवायचा, मिनिटभरात कोरडा. बेसिन नको, वाळवण नको. सकाळच्या घाईत याला तोड नाही. शिवाय अशा स्प्रेमध्ये बहुधा आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं आणि ते जंतू मारतं. सत्तर टक्क्यांच्या आसपासचं अल्कोहोल तर शुद्ध अल्कोहोलपेक्षाही सरस ठरतं. त्यातल्या पाण्यामुळे ते चटकन उडून जात नाही आणि जंतूंची प्रथिनं नीट मोडतात. फक्त त्यासाठी ब्रश थोडा वेळ ओला राहायला हवा. मी फवारा मारला की लगेच पुसायचे. तुम्हीही तेच करत असाल.

माझं मन फिरलं ते एका ब्रशमुळे. फाउंडेशनचा, दाट केसांचा, सपाट माथ्याचा. रोज स्प्रे मारत असल्यामुळे तो स्वच्छच आहे अशी माझी खात्री होती. टोकाचे केस पांढरेशुभ्र दिसायचे. एका सकाळी तो हातातून निसटून बेसिनमध्ये, चालू नळाखाली पडला. उचलून पाणी काढायला म्हणून केसांचं बूड अंगठ्याने दाबलं, तर बोटांवरून घट्ट, दुधाळ चहाच्या रंगाचा ओघळ आला. पुन्हा दाबलं, पुन्हा आला. त्यात दोन महिन्यांपूर्वी संपलेल्या गडद शेडची छटाही मला ओळखू आली. सात-आठ वेळा शॅम्पू लावून धुतला तेव्हा कुठे पाणी निवळलं. हा ब्रश मी त्याच सकाळी ‘साफ’ केला होता!

नंतर विचार केला तर यात नवल काही नव्हतं. अल्कोहोल तेलकट थर सैल करतं. त्यातला टोकाकडचा भाग टिश्यूवर येतो, उरलेला केसांच्या मुळाशी जाऊन बसतो. जंतू मेले तरी तेल, रंग आणि चेहऱ्याची मृत त्वचा तिथेच राहते, आणि त्या राबड्याच्या आत दडलेल्या जंतूंपर्यंत अल्कोहोल धड पोहोचतही नाही. शॅम्पू मात्र तेलाला पाण्यात मिसळवून बाहेर काढतो. एक मारतं, दुसरं काढून टाकतं. मला दुसऱ्याची गरज जास्त होती.

त्वचेचं म्हणाल तर, त्या काळात माझ्या जबड्याच्या कडेने आणि हनुवटीवर बारीक, खरखरीत पुळ्या असायच्या. दुखायच्या नाहीत, पण फाउंडेशनखाली उठून दिसायच्या. ब्रश धुवायला लागल्यावर साधारण महिन्याभरात त्या बऱ्याच कमी झाल्या. त्याच सुमारास मी मॉइश्चरायझरही बदललं होतं, त्यामुळे सगळं श्रेय ब्रशला देणं बरोबर नाही. प्रसाधनांमुळे येणाऱ्या अशा पुरळाला ‘ॲक्ने कॉस्मेटिका’ हे नाव त्वचारोगतज्ज्ञांनी १९७२ मध्येच दिलं आहे. तो दोष प्रसाधनाचा असतो, ब्रशचा नव्हे. पण ब्रशमध्ये जुनं प्रसाधन साठत असेल, तर रोज ताज्याबरोबर तेही चेहऱ्यावर घासलं जातं, एवढं तर उघड आहे.

आता शॅम्पूची रडकथा. वाळणं. पावडरचा मोकळा ब्रश पाच-सहा तासांत वाळतो, पण दाट ब्रश रात्रभर ठेवूनही सकाळी पोटात ओलाच. बाहेरून कोरडा लागतो म्हणून वापरावा, तर फाउंडेशनचे पट्टे उमटतात आणि वर कुबट वासही येतो. सुरुवातीला मी धुतलेले ब्रश पेल्यात उभे करायचे. पाणी धातूच्या नळीत उतरून आतला गोंद भिजत राहिला आणि एके दिवशी गालावरच ब्रशचं डोकं दांड्यापासून सुटलं. तेव्हापासून टोक खाली करून धुते, नळीपर्यंत पाणी जाऊ देत नाही, पाणी गरम घेत नाही, आणि केस टेबलाच्या कडेबाहेर येतील असे ब्रश आडवे ठेवते. फाउंडेशनचे ब्रश दोन केले. तेव्हा कुठे ही कटकट सुसह्य झाली.

ब्लशचा ब्रश बकरीच्या केसांचा असेल तर माझ्या मते रोजचा स्प्रे नकोच. माझा राठ होऊन गालाला टोचायला लागला होता. कृत्रिम केसांना तेवढा फरक पडत नाही. भांड्यांचा साबण तेल झकास काढतो, पण केसही कोरडे करतो. फिरत्या मोटरची यंत्रं मी एकदाच वापरली. शिंतोडे पुसण्यातच जास्त वेळ गेला.

स्पंज वापरत असाल तर तिथे स्प्रेचा विचारही करू नका. ब्रिटनच्या ॲस्टन विद्यापीठाने २०१९ मध्ये वापरातली प्रसाधनं तपासली, तेव्हा ९३ टक्के स्पंज कधीच धुतलेले नव्हते. ओल धरणाऱ्या वस्तूला वरवरचा फवारा काय पुरणार?

अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची संघटना दर ७ ते १० दिवसांनी ब्रश धुवायला सांगते. माझे बारा दिवस होतात कधीकधी. पण जे निघतं ते डोळ्यांनी दिसतं, म्हणून पुढच्या वेळी टाळावंसं वाटत नाही. स्प्रेच्या वेळी टाळण्यासारखं काही आहे हेच कळत नव्हतं.

तुम्ही दुसऱ्यांचे चेहरे रंगवत असाल, तर गणित वेगळं. दोन चेहऱ्यांच्या मध्ये ब्रश वाळेपर्यंत कोण थांबणार? तिथे स्प्रे हवाच. आधी टिश्यूवर रंग पुसून घ्या, मग फवारा आणि आपोआप वाळू द्या. रात्री धुवावं लागेलच. फक्त पावडर आणि आयशॅडो लावणाऱ्यांचंही बरेच दिवस स्प्रेवर भागेल. माझीही बाटली अजून ड्रॉवरमध्ये आहे. निळ्या आयशॅडोनंतर तपकिरी लावायची वेळ आली की बाहेर निघते.

ठरत नसेल तर तुमचा सर्वांत दाट ब्रश आज स्प्रेने साफ करा आणि लगेच नळाखाली धरून बूड दाबा. पाणी नितळ आलं, तर माझं ऐकायचं काही कारण नाही.