रिकामी असली की खडखडणारी पिकअप: अकरा महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या तोंडावर, संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड सुरू होण्याआधी, २०१८ ची जुनी पिकअप घेतली. अकरा महिन्यांत तेवीस हजार किलोमीटर झाले. वरुडहून जलालखेडा-काटोल मार्गे नागपूरच्या कळमना बाजाराला संत्री, मधल्या दिवसांत कापूस जिनिंगला, येताना खताची पोती नाहीतर रिकामीच. इंजिनाबद्दल तक्रार नाही. रिकामी तेराचं, भरलेली दहा-अकराचं अ‍ॅव्हरेज देते. क्लच जड आहे, एसी नाही, मे महिन्यात केबिनमध्ये माणूस शिजून निघतो. हे सगळं घेतानाच माहीत होतं. माहीत नव्हती ती खडखड.

विकणारा म्हणाला होता, "मागचे पाटे वाढवून घेतले आहेत भाऊ, दोन टन हसत नेते." पाटे म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या. त्या एका वाक्यावर मी दहा हजार जास्त मोजले. हे लक्षात ठेवा.

डिसेंबरात आवाज सुरू झाला. पत्र्याच्या पेटीत नट-बोल्टचे पाने टाकून कुणी हलवावेत तसा. पहिल्या मिस्त्रीने सायलेन्सरची रबरं बदलली, दुसऱ्याने शॉकपचे बुश, तिसऱ्याने मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या दांड्याच्या जॉइंटचा क्रॉस. साडेचार हजार गेले आणि खडखड होती तिथेच. कुणी फसवलं असं नाही म्हणणार. रबर खरंच फाटलेलं होतं. पण आवाज नेमका कधी येतो, हे तिघांपैकी एकानेही विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

विचारलं ते बाबांनी, तेही गाडीत बसल्या बसल्या. "जाताना गुपचूप, येताना बोंबलून राह्यली. भरली बंडी कधी खडखडते काय रे?"

मग एक दिवस कामधंदा सोडून त्याच्याच मागे लागलो. गाडी उभी ठेवून रेस दिली, आवाज नाही. म्हणजे सायलेन्सर किंवा त्यावरचा उष्णता अडवणारा पत्रा नाही. तो सैल असला तर उभ्या गाडीतही ठराविक रेसला झणझणतो. (ज्यांची गाडी एप्रिल २०२० नंतरची, बीएस-६ आहे, त्यांनी मात्र आधी तिथेच बघावं, सायलेन्सरच्या लाइनीत पत्रे जास्त असतात.) काटोल रोडच्या गुळगुळीत पट्ट्यावर साठचा वेग धरला, तरी शांत. क्रॉस किंवा त्याच दांड्याचं सेंटर बेअरिंग गेलं असतं तर वेगाबरोबर घरघर वाढली असती, गिअर टाकून सोडताना ठण्ण झालं असतं. पांदण रस्त्यावर घातली आणि लगेच सुरू. ब्रेक हलका दाबून पाहिला, फरक नाही, म्हणजे ब्रेकही नाही. स्टेपनी काढून घरी ठेवली, तरी सुरूच. शेवटी वीस-वीस किलोचे पन्नास कॅरेट भरले आणि त्याच पांदणीतून नेली. एकदम गप्प.

आता उरले फक्त पाटे आणि ते चेसिसला जोडणारे शॅकल. पण डावीकडचे की उजवीकडचे? चेसिसच्या लोखंडातून आवाज असा पसरतो की केबिनमध्ये बसून दिशा कळत नाही. पुतण्याने दोन्ही चाकांच्या वर डाल्याला, म्हणजे मागच्या हौद्याला, एकेक मोबाइल बांधून रेकॉर्डिंग केलं. मला हसू आलं होतं, पण उजव्या बाजूचं रेकॉर्डिंग स्पष्ट दुप्पट मोठं निघालं.

चाकांना दगड लावले, जॅकच्या भरवशावर न राहता चेसिसखाली लाकडी ओंडका दिला, आणि आत शिरलो. पाट्यांना धरून ठेवणारा क्लॅम्प हाताने हलत होता. वाढवलेला पाटा बसावा म्हणून कुणीतरी तो ठोकून उघडलेला, बोल्टवरची, क्लॅम्पचं अंतर राखणारी नळी गायब. गाडी भरली की वजनाने पाटे एकमेकांवर दाबून बसतात. रिकामी उसळली की सुटे होतात आणि आपटतात. सायकलच्या ट्यूबचा तुकडा घडी करून फटीत कोंबला, गावाला चक्कर मारली. आवाज बंद! ही ट्यूबची युक्ती कुठल्याही संशयित जागी चालते, फक्त गरम सायलेन्सर आणि फिरणाऱ्या भागांपासून लांब ठेवा.

म्हणजे ज्यासाठी दहा हजार जास्त दिले, तेच खडखडत होतं.

काटोल रोडच्या कमानीवाल्याने, म्हणजे पाट्यांचं काम करणाऱ्याने, नवे क्लॅम्प टाकायचे की पाटाच काढायचा असं विचारलं. मी पाटा काढायला सांगितला, दोन्ही बाजूंचा. पाटा वाढवला म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही. ओव्हरलोड पकडला तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून वीस हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. शिवाय ब्रेक, एक्सल, टायर तेच राहतात. नवे क्लॅम्प नळीसकट, पाटे एक्सलला आवळणारे नवे यू-बोल्ट, मजुरी धरून अठ्ठावीसशे. पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घेतले, हे विसरू नका, नवे बोल्ट थोडे सैल पडतातच.

आता तीन महिने झाले. रिकामी गाडी पूर्वीइतकी उसळत नाही, बाबांची कंबर शाबूत आहे. आधी पंचाहत्तर कॅरेट भरायचो, आता साठ. हंगामात दर चार खेपांमागे एक खेप जास्त होईल, ती डिझेलची चुटपुट आहेच.

काढलेले दोन पाटे गावच्या लोहाराकडे दिले. त्यांचे विळे करून आणले. धार चांगली टिकते.