म्हापशातली विमा सेवा : स्वस्त पॉलिसी घेऊ नका

गेल्या पावसाळ्याआधी माझ्या स्प्लेंडरचा विमा मी म्हापशातल्या एका एजंटाकडून ५०० रुपयांत काढला. नाव सांगत नाही. डिचोलीच्या नाक्यावर पोलिसाने गाडी अडवली, मोबाईलवर नंबर टाकला आणि म्हणाला, "बाब, विमा दिसत नाही." पॉलिसीचा कागद अगदी खऱ्यासारखा होता. २,००० रुपये दंड भरला.

विमा काढतानाच शंका यायला हवी होती. थर्ड पार्टीचा, म्हणजे अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचा, हप्ता सरकार ठरवते. ७५ ते १५० सीसीला ७१४ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. सगळ्या कंपन्यांना तोच दर, मग ५०० मध्ये कोण देणार?

आता म्हापशातच दुसरीकडे विमा काढला. काउंटरवरच्या बाईंनी पैसे घेतले आणि एमपरिवहनवर, म्हणजे वाहनांच्या सरकारी ॲपवर, नोंदही दाखवली. या सेवेला माझे पूर्ण गुण. स्वतःच्या गाडीचे नुकसानही भरून देणारा सर्वंकष विमा मात्र महागच वाटला. बाई म्हणाल्या, पडलेल्या गाडीचा आरसा फुटला तर काही गॅरेजवाले शाबूत टाकीही क्लेममध्ये घालतात, ते पैसे शेवटी सगळ्यांच्या हप्त्यातून जातात. माझ्या गॅरेजवाल्यानेही मला असेच सुचवले होते. मी नको म्हटले. वर्षभर क्लेमच केला नाही, तर पुढच्या वेळी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर विनादावा सवलत २० टक्के मिळते.