घोडी खात नाही म्हणून घेतलेली पावडर आणि तिची ती ‘गॅरंटी’

ज्यांचा घोडा चंदीला नीट तोंड लावत नाही आणि तरी एन्ड्युरन्सची (लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीची) तयारी चालू आहे त्यांनी हे पूर्ण वाचा, कारण असली पावडर विकणाऱ्या लोकांचं गिऱ्हाईक नेमकं आपणच आहोत. पुढ्यात येईल ते फस्त करणाऱ्या घोड्याच्या मालकाला असली पावडर कोण विकायला जाणार?

तर वजन वाढवायची पावडर, हाय कॅलरी, ‘नखरेल घोड्यांसाठी खास’. आधी फुकट सॅम्पल आलं. माझी घोडी अशी आहे की घमेल्यात नवीन काही पडलं की वरचा ओठ लांब करून ते एका बाजूला सारते, ओळखीचे दाणे तेवढे वेचते आणि उरलेल्यात जोरात फुरफुरून सगळं माझ्या अंगावर उडवते. तिने सॅम्पल चाटूनपुसून खाल्लं, म्हणून लगेच मोठं पोतं मागवलं. पोतं उघडलं तर सॅम्पलचा तो गोड मोलॅसिसचा वास गायब आणि नाकाला खवट झोंबणारा वास, हातावर घेतलं तर सरळसरळ तांदळाचा कोंडा. कोंड्यात तेल भरपूर असतं त्यामुळे कॅलरीजसाठी तो वाईट नाही, पण दळल्यानंतर उष्णता देऊन स्टॅबिलाइज केला नाही तर लवकर खवट होतो, आणि त्यात फॉस्फरस कॅल्शियमपेक्षा कितीतरी जास्त असतो म्हणून कॅल्शियमचा हिशोब वेगळा बसवावा लागतो. पोत्यावर यातलं काहीच नाही, फक्त ‘निवडक धान्यांचे विशेष मिश्रण’.

घोडीने एकदा हुंगलं आणि मान फिरवली. विषय संपला.

फोन केला तर तो माणूस अगदी गोड बोलतो, "मॅडम, मनी बॅक गॅरंटी आहे ना, काळजी कशाला!" आणि मग हळूच अट, की घोड्याने महिनाभर रोज पूर्ण डोस खाल्ला पाहिजे, तरीही वजन वाढलं नाही तरच पैसे परत. आता मला सांगा, जी पावडर नखरेल घोड्यांसाठी म्हणून विकताय ती घोडी खातच नाहीये हीच तर तक्रार आहे, आणि ती खात नाही म्हणूनच गॅरंटी लागू होत नाही. हा घोटाळा चुकून झालेला नाही, कोणीतरी बसून डोकं लावलंय. खवट वासाबद्दल विचारलं तर म्हणे तुमच्याकडे साठवण बरोबर नसेल. पोतं त्याच दिवशी उघडलेलं!

आणि समजा तिने खाल्लं असतं तरी काय झालं असतं? डोस एक माप, म्हणजे 60 ग्रॅम, आणि मोठ्या अक्षरात ‘एका मापात 300 किलोकॅलरी’. आपल्याला 300 म्हटलं की जेवणाचा आकडा वाटतो, तिथेच गंडवतात. साडेचारशे किलोच्या घोड्याला विशेष काम नसतानाही दिवसाला साधारण 15,000 किलोकॅलरी लागतात, जोरात ट्रेनिंग चालू असेल तर 24,000 च्या आसपास किंवा वर. फरक झाला 9,000 चा, म्हणजे रोज 30 मापं. एका मापाएवढी ताकद दीडेकशे ग्रॅम चांगल्या वाळलेल्या गवतातही असते. पावडरीऐवजी शुद्ध तेल जरी ओतलं तरी 60 ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या वर जाणार नाही, तेव्हा एवढ्याशा डोसात वजन वाढवतो म्हणणारा कोणीही असो, आधी हा गुणाकार करायचा.

खरा राग मात्र दुसऱ्याच गोष्टीचा आहे. शेवटी तो म्हणाला वैरण निम्मी करा, भूक लागली की आपोआप खाईल. अरे बाबा, घोड्याच्या पोटात आम्ल सतत सुटत असतं, पोट रिकामं ठेवलं की अल्सर, आणि अल्सर झाला की तो चंदीला अजूनच तोंड लावत नाही. वैरण वजनाच्या किमान दीड टक्का तरी पाहिजे, म्हणजे या वजनाला 7 किलोच्या जवळपास, आणि लांब पल्ल्याच्या राइडला आतड्यातला हाच चारा पाणी धरून ठेवतो. हा सल्ला ऐकून कुणाचा घोडा पोटशूळाने गेला तर जबाबदार कोण?

व्हेटने आधी दात बघितले, दाढांना धारदार कडा आल्या होत्या, त्या घासून घेतल्यावर निम्मे नखरे तिथेच कमी झाले. आता लसूणघास, भिजवलेला बीट पल्प (साखर काढून उरलेला बीटचा चोथा), थोडे थोडे ओट्स दिवसातून अनेकदा, आणि तेल. तेल चमच्याने सुरू करून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवलं, सोबत व्हिटॅमिन ई. एकदम ओतलं असतं तर तिने घमेलंच उलटं केलं असतं. पण बरगड्या झाकल्या जातायत.

कुणी घेणारच असाल तर पैसे द्यायच्या आधी बॅच नंबर, पॅकिंगची तारीख आणि घटकांची टक्केवारी लेखी मागा, आणि सॅम्पल त्याच बॅचचं आहे का ते विचारा. गॅरंटीची अट पण लेखी घ्या, फोनवरच्या शब्दाला काही अर्थ नाही. माझे पैसे अजून मिळालेले नाहीत. आणि हो, तोच माल आता वेगळ्या नावाने वेगळ्या पोत्यात येतोय, फोन उचलणारा माणूस मात्र तोच आहे, आवाज ओळखला मी.