बॅजर इन्स्पेक्टर आणि सरकारी कारस्थान
ब्रिटिश चित्रकार-लेखक ब्रायन टॅलबट यांच्या ‘ग्रांव्हिल’ या पाच खंडांच्या चित्रकादंबरीमालेचा 2009 साली प्रसिद्ध झालेला पहिला खंड एकदा हातात घेतला की खाली ठेववत नाही. नेपोलियनच्या युद्धांत फ्रान्स जिंकला असता तर, या कल्पनेवर उभ्या असलेल्या या जगात ब्रिटन नुकताच फ्रेंच सत्तेतून मुक्त झाला आहे, रस्त्यांवर वाफेची वाहने धावतात आणि अंगात कोट, डोक्यावर टोपी घालून वावरतात ते प्राणी. माणसे आहेत, पण हलकी कामे करणारी, दुय्यम दर्जाची. हा उलटा न्याय लेखक कुठेही समजावून सांगत बसत नाही, हे मला विशेष आवडले.

स्कॉटलंड यार्डचा धिप्पाड इन्स्पेक्टर लब्रॉक हा बॅजर, म्हणजे बिळात राहणारा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या तोंडाचा प्राणी; तो एका मुत्सद्द्याच्या तथाकथित आत्महत्येचा माग काढत पॅरिसला पोहोचतो आणि तेथे, ज्या मनोऱ्याच्या विध्वंसाचे खापर ब्रिटिश अराजकवाद्यांवर फोडले गेले, त्यामागे खुद्द सत्ताधाऱ्यांचेच हात असल्याचे उघड होत जाते. 11 सप्टेंबर 2001 ची आठवण होणे अटळ आहे; किंबहुना ती व्हावी, अशीच योजना आहे.

संगणकावर रंगवलेली चित्रे काही ठिकाणी प्लॅस्टिकसारखी गुळगुळीत वाटतात, प्रेमप्रकरण उरकल्यासारखे आहे, आणि नायक संशयितांना ज्या सहजतेने बडवतो ती मला खटकली. प्राण्यांची चित्रे पाहून मात्र हे पुस्तक लहान मुलांच्या हाती देऊ नये. रक्तपात भरपूर आहे.