घरी येऊन भाडेकरार नोंदवून देणारी सेवा: मोशीच्या वन आरकेचा अनुभव

एकच खोली भाड्याने देणार असाल तरी करार नोंदवूनच द्या. त्यासाठी दुय्यम निबंधक कार्यालयात खेपा घालायची गरज उरलेली नाही. अंगठ्याचं मशीन आणि लॅपटॉप घेऊन घरी येणारे, तिथल्या तिथे लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायला देण्याचा) करार सरकारी साइटवर चढवणारे लोक आता पिंपरी-चिंचवडमध्ये भरपूर आहेत. भोसरीतल्या अशाच एका मुलाकडून मी माझ्या मोशीतल्या वन आरकेचा करार करून घेतला. सगळे मिळून २८०० रुपये गेले आणि या घरावर केलेल्या खर्चातला हा मला सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च वाटतो.

मी पोळी-भाजी केंद्र चालवते. भिशी आणि आरडीतून साठलेल्या पैशांतून रिसेलचा वन आरके घेतला, २० लाखांना. त्यातले १४ लाख बँकेचं कर्ज. घर माझ्या आणि आईच्या नावावर आहे. घेणाऱ्या दोघी बायकाच असल्यामुळे मुद्रांक शुल्क ७ टक्क्यांऐवजी ६ टक्के लागलं, म्हणजे सरळ २० हजार वाचले. (नवऱ्याचं नाव सोबत घातलं असतं तर ही सवलत गेली असती, हे घर घेणाऱ्या बायकांनी आधीच ध्यानात ठेवावं.) भाडं येतं ८०००, हप्ता जातो १२ हजारांच्या वर. वरचे चार हजार दर महिन्याला केंद्राच्या गल्ल्यातून काढते. इतक्या ओढाताणीच्या हिशेबात भाडेकरू मुदत संपल्यावर बसून राहिला, तर माझ्यासारखीला ते झेपणारं नाही. दहा फ्लॅट असणाऱ्याला एक फ्लॅट अडकलेला चालतो. आपलं सगळं त्या एकातच असतं.

भाडेकरू आणून देणाऱ्या एजंटाचं म्हणणं होतं, "ताई, अकरा महिन्यांचाच तर आहे. स्टॅम्प पेपरवर नोटरी करून टाकू, सातशेत काम होतंय." आमच्या भागात निम्मे करार असेच होतात. अकरा महिन्यांची ही सवय आली ती १९०८ च्या नोंदणी कायद्यातून, कारण त्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यालाच नोंदणीची सक्ती आहे. पण आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू आहे आणि त्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा. अकरा महिन्यांना त्यात सूट नाही. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

मला त्या शिक्षेपेक्षा पुढची ओळ महत्त्वाची वाटली. नोंदणी नसेल आणि वाद उभा राहिला, तर भाड्याच्या अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच खरं धरतात, आपण उलट सिद्ध करेपर्यंत. उलट करार नोंदवलेला असेल तर कलम २४ आपल्या बाजूने उभं राहतं. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे असे वाद ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, थेट अर्ज करता येतो आणि जितके दिवस तो बसेल तितक्या दिवसांचे दुप्पट पैसे मागता येतात. हे एजंटाला सांगितल्यावर त्याने पुन्हा नोटरीचं नाव काढलं नाही.

आता सेवेबद्दल. फोनवर त्या मुलाने दोन्ही बाजूंची आधार आणि पॅन कार्डं, घराचं लाइट बिल आणि इंडेक्स टू (दस्त नोंदवल्याचा सरकारी उतारा) व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घेतलं. खर्चाची फोडही स्वतःहून सांगितली, हे मला आवडलं. मुद्रांक शुल्क लागतं ०.२५ टक्के: अकरा महिन्यांचं भाडं ८८ हजार, त्यात ३० हजार डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं, आणि त्या बेरजेवर. आमचं ते तीनशेच्या आत बसलं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १०००, कागदपत्रं हाताळणीचे ३००. उरलेले बाराशे त्याचे. तुम्हाला कोणी चार-साडेचार हजार सांगितले तर हीच फोड मागा.

रविवारी सकाळी तो घरी आला. आईचे गुडघे दुखतात, तिला दोन जिने उतरवून रिक्षाने कार्यालयात न्यायचं म्हणजे अख्खा दिवस गेला असता. इथे खुर्चीत बसल्या बसल्या तिचा कॅमेऱ्यासमोर फोटो झाला आणि अंगठाही पहिल्या फटक्यात लागला. अडलं ते भाडेकरूचं. तो भोसरी एमआयडीसीत प्रेस शॉपमध्ये कामाला आहे. पत्र्याने आणि कूलंटने बोटांच्या रेषा अगदी पुसट झालेल्या. मशीन काही केल्या बोट ओळखेना. पण तो मुलगा वैतागला नाही. आधी भांड्याच्या साबणाने हात धुवायला लावले, कोरडे करून थोडं खोबरेल चोळायला सांगितलं, मग एकेक बोट लावून बघितलं. शेवटी डाव्या हाताच्या मधल्या बोटाने हिरवी खूण आली. कामगार माणसाला भाड्याने घर देणाऱ्यांनी हा वेळ धरूनच चालावं, आणि सेवा देणारा धीराचा असावा, कारण घाई करणाऱ्याने त्या बिचाऱ्यालाच चार शब्द सुनावले असते.

खटकलं ते मसुद्याचं. त्याच्याकडे एक ठरलेला साचा आहे आणि सगळ्यांचे करार तो त्यातच बसवतो. आमच्या मसुद्यात विंग बी ऐवजी डी पडली होती. मेंटेनन्स कोणी भरायचा, एवढंही त्यात नव्हतं. अंगठे देण्याआधी मी ओळ न् ओळ वाचली म्हणून हे सापडलं. एकदा नोंदणी झाली की चूकदुरुस्तीचा दस्त वेगळा करावा लागतो. मी बसवून घेतलेल्या गोष्टी: मेंटेनन्स माझा, लाइट बिल त्याचं, दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस, आणि वस्तूंची यादी गीझर, दोन पंखे, किचन ट्रॉली, मुख्य दाराच्या तीन किल्ल्या इथपर्यंत. मुलाने कुरकुर न करता सगळं भरलं. पण मसुदा आदल्या दिवशी मिळायला हवा होता. भाडेकरू समोर बसलेला असताना शांतपणे वाचणं सगळ्यांना जमतं असं नाही.

दोन-तीन दिवसांत मंजुरी येऊन इंडेक्स टूसकट पीडीएफ मोबाइलवर आली. त्याच्या दोन प्रती काढल्या. एक भाडेकरूला, त्याला गॅस जोडणीसाठी पत्ता हवाच होता. दुसरी सोसायटीला. तिथे भाडेकरू ठेवल्याबद्दल महिना ५०० रुपये जादा मागितले. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ना-वहिवाट शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही. आमचं सेवा शुल्क ६०० आहे, म्हणजे ६० रुपये. आदेशाची प्रत दाखवल्यावर ६० वरच आलं. वर्षाला पाच हजारांहून जास्त फरक पडला, आणि माझ्या हप्त्याच्या गणितात पाच हजार म्हणजे महिन्याभराच्या तुटीहून जास्त.

भाडेकरूची पोलिसांकडे द्यायची माहिती मात्र या २८०० मध्ये धरलेली नसते, ती पोलिसांच्या साइटवर आपली आपण भरावी लागते. तो मुलगा त्याचे वेगळे ३०० मागत होता. मी माझ्या भाचीला बसवून फॉर्म भरून घेतला, फोटो आणि आधार हाताशी असलं की अवघड काही नाही.

पुढच्या वर्षी करार संपेल तेव्हा त्याच मुलाला बोलावणार आहे. भाडेकरूशी आत्ताच बोलणं झालंय, राहायचं असेल तर मुदत संपायच्या आधी नवा करार, ५०० रुपये वाढवून. खर्च निम्मा निम्मा करायलाही तो तयार आहे.