कॉलेज प्रेडिक्टर: यादी करायला ठीक, भरवसा ठेवायला नाही

एमएचटी-सीईटी या इंजिनीअरिंग प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला की पुण्यात घरोघरी प्रेडिक्टर, म्हणजे कुठलं कॉलेज मिळेल याचा अंदाज सांगणारी ॲप उघडतात. पर्सेंटाइल आणि प्रवर्ग टाकला की कॉलेजांपुढे हिरवे, पिवळे, लाल ठिपके दिसतात; हिरवा म्हणजे ‘मिळेलच’. ॲप फुकटचं असो वा समुपदेशक पैसे घेणारा, मूळ माल बहुधा एकच असतो: परीक्षा आणि प्रवेश पाहणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलने जाहीर केलेले मागच्या वर्षांचे कट-ऑफ. ते पीडीएफ सगळ्यांना मोफत मिळतात.

गडबड हिरव्या ठिपक्यात आहे. कट-ऑफ म्हणजे त्या जागेवर सगळ्यात शेवटी प्रवेश मिळालेल्याचं पर्सेंटाइल, आणि एकाच शाखेचे असे कितीतरी आकडे असतात. पीडीएफमध्ये आकड्यांसोबत GOPENH सारखे संकेत असतात: ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण, ‘ओपन’ म्हणजे खुला, ‘एच’ म्हणजे होम युनिव्हर्सिटी, अर्थात कॉलेजच्याच विद्यापीठाच्या क्षेत्रात बारावी केलेल्यांची जागा. सुरुवातीला ‘एल’ असेल तर मुलींची जागा. शेवटी ‘ओ’ असेल तर बाहेरच्या विद्यापीठाच्या क्षेत्रातल्यांची, ‘एस’ असेल तर राज्यस्तरीय. नाशिकहून बारावी केलेल्याला पुण्यात ‘एच’ लागतो, कोल्हापूरच्याला ‘ओ’. बारावी कुठून केली हे न विचारता उत्तर देणारं ॲप सरळ बंद करा. टीएफडब्ल्यूएसचा, म्हणजे शिक्षणशुल्क माफीच्या जागांचा आकडाही वेगळाच पाहायचा, तो बहुतेक वेळा बराच वर असतो.

पीडीएफमध्ये पर्सेंटाइल कंसात असतं आणि त्याच्या वर गुणवत्ता क्रमांक. नजर त्या क्रमांकावर ठेवा. ३ लाख परीक्षार्थी धरले तर ०.१ पर्सेंटाइल म्हणजे ३०० मुलं! ‘थोडक्यात हुकेल’ वाटणारं अंतर एवढं मोठं असतं. शिवाय जागा बदलतात: २०२४-२५ पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेने चांगल्या संस्थांच्या प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा उठवली, त्यामुळे संगणक शाखेचे त्याआधीचे कट-ऑफ जपूनच वापरावेत. नॉन-क्रीमी लेयर किंवा जातवैधतेचं प्रमाणपत्र मुदतीत सादर झालं नाही, तर अर्ज खुल्या गटात जातो. प्रेडिक्टर हे धरतच नाही.

म्हणून यादी ॲपवरून काढा, पण पडताळणी हातानेच करा. मागच्या दोन वर्षांच्या पहिल्या आणि शेवटच्या प्रवेश फेरीचे क्रमांक शेजारी लिहा. तुमचा क्रमांक पहिल्याच फेरीच्या आत बसत असेल तर ती जागा भक्कम. फक्त शेवटच्या फेरीत बसत असेल तर ती आशा आहे, खात्री नाही. अशा आशेच्या जागा अर्जात जरूर भराव्यात, पण त्यांच्या खाली भक्कम जागा हव्यातच. पुण्यातली चार नावाजलेली कॉलेजं भरून थांबणं ही आम्हाला सगळ्यात महागात पडणारी चूक वाटते.

क्रम लावताना शक्यता नव्हे, आवड पाहा. वर अवघड कॉलेज टाकल्याने खालची जागा जात नाही. मात्र २०२५-२६ च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिले तीन आणि तिसरीत पहिले सहा यांपैकी मिळालेली जागा घेणं बंधनकारक होतं. तिथे नको असलेलं कॉलेज चुकूनही ठेवू नका, आणि या वर्षीची माहितीपुस्तिका अर्ज पक्का करण्याआधी वाचा.